पाटकऱ्याची चाल

त्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला, की पाण्याची उंची दाखवणारा खांब भेगाळलेल्या चिखलात एकटाच उभा राहिला. पाणीवाटप समितीने बैठक घेतली आणि पाळ्या बांधून दिल्या. कालव्यावर चौदा मळे, चौदा दारं, प्रत्येक मळ्याला आठवड्यातून तीन तास पाणी. वरच्या दाराला पाव तास उशीर झाला, की खालच्या मळ्याचा पाव तास गेलाच म्हणून समजा. आणि ही सगळी दारं उघडायची-मिटायची एका माणसाने.

त्याला सगळे पाटकरी म्हणत. सव्वीस वर्षं तो हेच करत होता. दारं लोखंडी, वर जाड आट्यांचा खांब, आणि तो फिरवायला हातभर लांबीचं एक हँडल. हँडल एकच. ते कायम त्याच्या खांद्यावर, म्हणजे त्याच्या माघारी कुणाला पाणी वळवता येऊ नये. पूर्वी त्याची चाल अशी होती, की बरोबर चालणाऱ्याला बोलायला दम उरत नसे.

वर्षभरात ती चाल गेली. आधी उजवा हात चालताना हलेनासा झाला, पोटाशी मुडपून राहू लागला. मग पावलं आखूड झाली, पाय जमिनीला घासू लागले. नुसता बसला असला, की उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरत राहायची, वात वळावी तसं. समितीच्या वहीत तो पाळ्यांच्या वेळा लिहायचा. ती अक्षरं ओळ संपेपर्यंत मुंगीएवढी व्हायला लागली. सेक्रेटरी वही डोळ्यांशी नेऊन म्हणायचा, "अहो, शाई वाचवताय का?"

त्याच्या बायकोने, पाटकरणीने, हे सगळं पाहिलं होतं आणि वयावर ढकललं होतं. तिच्यामागे भाजीचे वाफे होते, दोन शेळ्या होत्या, घर होतं. नवऱ्याचं एक बोट हलतंय म्हणून हातातलं काम टाकून बसायला तिला सवड नव्हती.

कालव्याच्या अगदी टोकाला ज्याचा मळा, त्याला सगळे शेवट्या म्हणत. त्याने त्या वर्षी वालाचे वेल चढवले होते. एका सकाळी पाटकरीण नवऱ्याचा डबा घेऊन तिकडे पोचली, तेव्हा शेवट्या दारापाशी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"साडेनऊची पाळी माझी. आता दहाला दहा कमी आहेत," तो म्हणाला.

पाटकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

"बघा, बघा कसा बघतोय! चूक झाली एवढं म्हणायला जीभ झिजते का? वरच्या मळ्यावर काय पाजतात हो तुम्हाला सकाळी सकाळी?"

पाटकऱ्याने हँडल अडकवलं आणि फिरवायला घेतलं. पहिला फेरा पूर्ण झाला. दुसरा अर्ध्यात आला. तिसऱ्याला हात नुसताच थरथरत लोखंडावर राहिला. शेजारच्या मळ्यावरची माणसं कुंपणाशी येऊन बघायला लागली होती. पाटकरणीने डबा बांधावर ठेवला.

"सरका," ती म्हणाली.

तिला अकरा फेरे लागले. तळवे सोलवटले. खाली पाणी वाजायला लागलं.

"झालं, आता बायकोलाच जुंपली," मागून शेवट्या म्हणाला.

घरी येताना तिने विचारलं, "तो एवढं बोलला. तुम्ही दोन शब्द का नाही बोललात?"

"बोललो की."

"कधी?"

"म्हटलं ना त्याला, पाय चालत नाहीत म्हणून."

ती चालता चालता थांबली. ती तिथेच, दोन हातांवर उभी होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरने दोन मिनिटं पाहिलं आणि हे माझं काम नाही म्हणून मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. ती डॉक्टरीणबाई तरुण होती, केस आखूड कापलेले. तिने पाटकऱ्याला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, मूठ उघड-मीट करायला लावली, व्हरांड्यातून चालायला लावलं. त्याचं कोपर धरून हात हलवून पाहिला. हात गुळगुळीत वळला नाही, टप्प्याटप्प्याने, दाते असलेल्या चाकासारखा वळला.

"वास येतो का तुम्हाला?"

पाटकऱ्याने मान हलवली. नाही. चार-पाच वर्षं झाली. बायकोला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"झोपेत ओरडतात का? हातपाय झाडतात?"

हा प्रश्न डॉक्टरीणबाईने पाटकरणीकडे बघून विचारला. पाच वर्षांपूर्वी त्याने झोपेत तिच्या बरगडीत अशी लाथ मारली होती, की महिनाभर तिला उजव्या कुशीवर झोपता आलं नाही. मग डोळ्यावर एक गुद्दा. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होती. कुणी विचारलं, तर उकडतं म्हणून सांगायची. दिवसा कधी शिवी न देणारा माणूस झोपेत आपल्याला मारतो, म्हणजे त्याच्या मनात आपल्याविषयी काय असेल, हे तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर झाकण ठेवलं होतं.

"झाडतात," ती म्हणाली.

"तेही यातलंच आहे. कधी कधी आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं." डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे ओढली. "याला कंपवात म्हणतात. पार्किन्सन. हालचालीसाठी मेंदूत एक रस लागतो, तो यांच्यात कमी तयार होतो. बरा होणारा आजार नाही, खोटं सांगणार नाही. पण गोळ्यांनी चांगला सांभाळता येतो, वर्षानुवर्षं. गोळी घड्याळावर द्यायची. सहा, दहा, दोन, सहा. जेवणाच्या आधी अर्धा-पाऊण तास, आणि पाण्याबरोबर. दूध, डाळ, अंडी बरोबर नकोत, गोळी मग अंगाला नीट लागत नाही. मनाने बंद तर अजिबात करायची नाही."

"आणि तोंड?" पाटकरणीने विचारलं.

"काय तोंड?"

"हसत नाहीत. रागावतही नाहीत. कुणाकडे बघितलं, की लोकांना माज वाटतो."

"चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. आत सगळं जागेवर असतं. राग, हसू, लाज, सगळं."

पाटकऱ्याच्या डोळ्यांतून तेवढ्यात पाणी ओघळलं. चेहरा जसाच्या तसा.

बसला उशीर होता. दोघं थांब्याच्या बाकावर बसून राहिले. मांडीवर गोळ्यांची पिशवी घेऊन पाटकरीण समोरचा रस्ता बघत होती.

"झोपेत मारायचात," ती म्हणाली. "मला वाटायचं, मनातला राग आहे."

त्याला बोलायला वेळ लागला. ती त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली.

"कुत्री यायची," तो म्हणाला. "कालव्यावरून. आठ-दहा. तुझ्या अंगावर जायची. मी त्यांना लाथा घालायचो."

"मग सांगायचं नाही का?"

"तू आत झोपायला गेलीस. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

तिला काही वाटायला हवं होतं. पाच वर्षं, दोन अंथरुणं. पण पाय मुडपून फार वेळ बसलं, की पाय आपला की परका ते कळत नाही, तसं तिचं झालं होतं. बस आली. तिने त्याला काखेत हात घालून वर चढवलं.

त्यानंतरचे दिवस घड्याळाचे झाले. भिंतीवरचं घड्याळ तिने काढून खाटेसमोर टांगलं. सहाची गोळी घेतली, की तासाभराने तो हळूहळू माणसांत यायचा. हात सुटायचे, पाय उचलायचे. दहाच्या सुमाराला पुन्हा कुणीतरी वीज काढून घ्यावी तसं व्हायचं. कुशीवर वळता यावं म्हणून तिने खाटेच्या पायथ्याला दोर बांधला. तो धरून तो स्वतःला ओढायचा. उठवताना आधी बसवायचं, पाय खाली सोडायला लावायचे, थांबायचं, मग उभं करायचं. नाहीतर चक्कर. घास लहान. पाणी पिताना हनुवटी खाली. पोट साफ होण्याची रोजची वेगळीच कटकट.

दारात तो हटकून अडायचा. मोकळ्या अंगणात चालणारा माणूस उंबऱ्याशी आला, की तळवे जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे जायचं, पाय मागे राहायचे. ओढलं, की पडायचा. दोनदा पडला, मग तिने ओढणं सोडलं. डॉक्टरीणबाईने सांगितल्याप्रमाणे दाराच्या अलीकडे-पलीकडे चुन्याचे आडवे पट्टे ओढले. "चला म्हणायचं नाही," तिने स्वतःलाच बजावलं होतं. "पट्टा ओलांडा म्हणायचं." आणि नवल असं, की पट्टा समोर दिसला की पाय उचलायचा.

एकदा मोरीपर्यंत पोचायच्या आत लेंगा ओला झाला. तो तसाच उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून.

"वाफ्याला पाणी मिळालं असतं," तो पुटपुटला.

ती लेंगा पिळत होती. विनोद तिच्यापर्यंत पोचायला दोन क्षण लागले. पोचला, तेव्हाही हसू आलं नाही. पण तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि "आठवड्याची पाळी आली नाही तुमची अजून," एवढं म्हणाली.

कालव्याचं काम त्यांनी वाटून घेतलं. त्याच्या चांगल्या तासांत जवळची सहा दारं त्याची. लांबची आठ तिची. तेवढ्यापुरतं लोहाराकडून तिने दुसरं हँडल करून घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवस सगळं वेळेवर झालं. शेवट्यासुद्धा नुसता घड्याळ बघायचा आणि गप्प बसायचा.

मग वन्सं आल्या. पाटकऱ्याची थोरली बहीण. भावाची बातमी कळली, तशा दोन गाठोडी घेऊन आल्या. प्रेमळ बाई, पण त्यांचं प्रेम अंगावर कोसळायचं.

"कसा झालास रे! हाडं मोजून घ्यावीत," त्या म्हणाल्या आणि पाटकरणीकडे वळल्या. "अगं, खायला-प्यायला घालतेस की नुसत्या गोळ्याच?"

"घालते हो वन्सं. गोळीच्या वेळेला फक्त पाणी द्यायचं, दूध नाही."

"ऐकावं ते नवलच. आमच्या आईने दुधावर वाढवला त्याला."

दुसऱ्या दिवशी पाटकरीण नऊलाच टोकाकडच्या दारांवर गेली. "दहाची गोळी तेवढी द्या वन्सं. पाण्याबरोबर," असं दोनदा सांगून गेली. वन्संनी गोळी दिली, बरोबर दहाला. आणि भावाच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून भलामोठा पेलाभर गरम दूध आणि दोन उकडलेली अंडी आग्रहाने भरवली. अकराला त्याला हँडल देऊन स्वतः उंबऱ्यापर्यंत पोचवायला आल्या. "जा, आता बघ कशी ताकद येते."

सहावं दार कालव्याच्या पलीकडे होतं; सकाळी आठला त्यानेच उघडलेलं, ते आता मिटायचं होतं. मध्ये वीतभर रुंदीच्या दोन फळ्या. सव्वीस वर्षं तो त्यावरून डोळे मिटून गेला असता. फळीच्या मधोमध त्याचे पाय थांबले.

गोळी लागलीच नव्हती. खाली पाणी जोरात वाहत होतं, खांद्यावर हँडल होतं. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. सहावं दार उघडंच राहिलं. त्या मळ्याचे वाफे भरले, वर वाहिले, पाणी रस्त्यावर आलं. टोकाला शेवट्याच्या दाराशी पाटकरीण हँडल लावून उभी होती, पण तिने उघडलेल्या दारात ओल्या चिखलाशिवाय काही येत नव्हतं. आठ दिवस तहानलेले वेल. शेवट्या बांधावर खाली बसला.

ती कालव्याकडेने पळत आली. तो अजून फळीवर होता, अंग वाकलेलं, घामाने भिजलेला. काठावर चार माणसं उभी होती. एकजण म्हणत होता, "सकाळीच लावून आलाय. बघा कसा झुलतोय."

ती पाण्यात उतरली. पाणी छातीपर्यंत आलं. तिने फळीवर, त्याच्या पावलापुढे, आपला हात आडवा ठेवला.

"हात ओलांडा," ती म्हणाली. "माझा हात ओलांडा. मोजा. एक..."

पाय उचलला. तिने हात पुढे सरकवला. पुन्हा. पुन्हा. सहा वेळा.

घरी वन्सं कोपऱ्यात बसून राहिल्या. "दुधाने असं होईल, मला कसं कळणार गं," त्या म्हणत होत्या. पाटकरणीला त्यांच्यावर चिडायचं होतं. ओले कपडे वाळत घालताना तिने चिडायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही. "दोनची गोळी पाण्याबरोबर द्या," ती म्हणाली आणि शेळ्यांना चारा टाकायला गेली.

चौथ्या दिवशी दुपारी समितीची बैठक बसली. शाळेमागच्या खोलीत वीस-एक माणसं. दोनची गोळी देऊन, पाऊण तास थांबून, मग तिने पाटकऱ्याला आणलं होतं. तरी एवढे डोळे बघून तो आखडला. खुर्चीत बसला, तो चेहरा दगड.

सेक्रेटरीने गळा साफ केला. "पाळी चुकली. टोकाच्या मळ्याचे निम्मे वेल वाळले. तुमचं म्हणणं काय?"

पाटकऱ्याचे ओठ हलले.

"मोठ्याने बोला."

पुन्हा ओठ हलले. मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "त्याला आपण बोलण्याच्या लायकीचे वाटत नाही."

"ते म्हणतायत, चूक झाली," पाटकरीण म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. "मघाशीच म्हणाले. दोनदा म्हणाले. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

तिने पुढे बोलायचं ठरवलं नव्हतं. पण थांबायचं कसं, तेही सुचेना. भाजीचा भाव सांगावा, तशा सपाट आवाजात ती बोलत गेली. आजाराचं नाव सांगितलं. मेंदूतला रस सांगितला. दूध आणि अंडी सांगितली. त्या दिवशी दारू नव्हती, सांगितलं. "हे तोंड बघून तुम्हाला वाटतं, आत कुणी नाही. मलाही तसंच वाटायचं. आत सगळं ऐकू येतं त्यांना. त्या दिवशी फळीवर उभे असताना तुम्ही काय काय बोललात, ते सगळं त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. कोण बोललं, तेही सांगितलं."

दोन-तीन माणसं जमिनीकडे बघायला लागली.

"माझे वेल त्याने परत येत नाहीत," शेवट्या म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"नाही येत," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले, लांबची आठ दारं मीच फिरवते. तुमचंही. त्या एका दिवसाशिवाय एकदा तरी उशीर झाला का, सांगा."

शेवट्याने बोटांवर पाळ्या मोजल्या. "नाही," तो म्हणाला.

सेक्रेटरी दुसऱ्या हँडलवरून जरा कुरकुरला. हे नियमात बसतं का, बाईमाणसाच्या नावावर दारं कशी लिहायची, वगैरे. बोलणी तासभर चालली. शेवटी ठरलं ते असं: चौदाही दारं पाटकरणीच्या नावावर. तो बरोबर आला तर येऊ दे, पण हँडल त्याच्या हातात नको.

"हँडल द्या मग," सेक्रेटरी म्हणाला.

पाटकऱ्याने ते दोन गुडघ्यांमध्ये उभं धरलं होतं. पाटकरीण समोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. बोटं सुटेनात. सेक्रेटरीने घड्याळ पाहिलं. एकजण म्हणाला, "द्यायचं नाहीये त्याला." दुसरा पुढे झाला, हँडल घ्यायला.

"हात लावू नका," ती म्हणाली.

ती तशीच उभी राहिली, तळहात उघडा. पाटकऱ्याचं करंगळीचं बोट आधी सुटलं. मग शेजारचं. अंगठा आणि पहिलं बोट लोखंडावर फिरत राहिली, फिरत राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण आता त्या खोलीतला प्रत्येकजण त्या चेहऱ्याऐवजी हाताकडे बघत होता. मग ते वजन तिच्या हातात आलं.

बैठक मोडली. शाळेमागून रस्त्याला लागायला एक बोळ होता, दोन बाजूंना उंच भिंती, दोन माणसं जेमतेम मावतील असा. दाराशी ही दोघं बसली होती, म्हणून आधी तीच बाहेर पडली. मागून वीस माणसं बोळात शिरली, बोलत, खाकरत.

बोळाच्या मध्यावर पाटकऱ्याचे पाय थांबले.

पाटकरीणही थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मागची पावलं एकेक करून थांबत गेली. कुणाच्या तरी चपलेचा शेवटचा आवाज झाला आणि मग बोळात नुसती माणसांच्या श्वासांची धग राहिली. उन्हाने भिंती तापल्या होत्या.

"काय झालं पुढे?" पार मागून कुणीतरी ओरडलं. "चला की!"

"काही नाही," शेवट्याचा आवाज आला, अगदी तिच्या पाठीमागून. "थांबा जरा. थांबायचंय."

तिने हँडल वाकून जमिनीवर आडवं ठेवलं, त्याच्या पावलांपुढे, आणि सरळ उभी राहिली. तो त्या लोखंडाकडे बघत राहिला. वीस माणसं उभी होती. बऱ्याच वेळाने त्याने उजवा पाय उचलला आणि पलीकडे टाकला.